शेवटच्या माणसाचं फाटक

१

विल्फ टकरची पावाची व्हॅन रविवारी पहाटे सव्वापाचला हॉलो लेनच्या वळणावर उलटली, आणि चर्चच्या घंटा वाजायच्या आत गावानं ठरवूनही टाकलं की त्याला नोरा पेटिफरनं मारलं.

तोंडानं तसं कोणी म्हणालं नाही. आमच्या ऑल्डर लेसीत तसं म्हणत नाहीत. लोक म्हणाले, "बिचारी नोरा." त्यात सगळं आलं.

झालं ते असं. रूबेन स्ट्राइडच्या अठरा कालवडी कुरणातून बाहेर पडल्या होत्या. त्यातली एक वळणावर विल्फच्या पुढ्यात आली. तिला चुकवताना व्हॅन खड्ड्यात गेली. कालवड वाचली, विल्फ गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. रस्त्यावर पाव पसरले होते आणि ते अजून गरम होते, हे मला त्या सकाळी तिघांनी सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं कोणालाच काही सुचत नव्हतं.

रूबेन पोलिसांना म्हणाला, "माझं रस्त्याकडचं खालचं फाटक सताड उघडं होतं. काल गावाची फेरी तिथूनच वर गेली. आता काय ते तुम्हीच समजून घ्या."

आमची फेरी सेंट मार्गारेटच्या दिवशी, ऐन जुलैत निघते. सगळा गाव कुरणाकुरणातून शीव फिरतो, चार ठिकाणी थांबून स्तोत्रं गातो आणि चर्चच्या सभागृहात चहाला परततो. चारशे वर्षांत फेरीचा एकच नियम मोडलेला नाही, तो म्हणजे फाटक शेवटच्या माणसानं लावायचं. पुढे चर्चचे कारभारी ह्यूबर्ट लायल असतात. शेवटी एकतीस वर्षं नोराचा नवरा क्लेमंट असायचा. नोव्हेंबरात क्लेमंट गेला. या वर्षी नोरा त्याची काठी घेऊन आपणहून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला कोणी तिथं उभं राहा म्हटलं नव्हतं, आणि नको म्हणायलाही कोणी धजलं नाही.

मी डोरकस हेन्ली. पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा गावानं पायवाटांची राखण माझ्या गळ्यात घातली. कुठली फळी सुटली, कुठल्या फाटकाची कडी अडकते, हे बघायचं आणि ज्याचं त्याला पत्र लिहायचं. यंदा गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी फेरीला नव्हते; काकडीची सँडविचं कापत बसले होते. त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं माझ्यापाशी काहीच नव्हतं.

मी नोराकडे गेले. ती स्वयंपाकघरात पावाच्या तुकड्याला लोणी लावत होती. लावून झालं की त्याच तुकड्याला पुन्हा लावत होती. पाव विल्फच्याच भट्टीतला होता.

"फाटक लावलंस ना गं काल?"

"आठवत नाही."

"लावलंच असशील तू."

"डोरकस, काल मी जेवले काय ते विचार. तेही सांगता येणार नाही. चालले एवढं ठाऊक आहे, तेही पाय दुखतायत म्हणून."

"मग लावलं नाहीस हे तरी कशावरून?"

"रूबेन म्हणतो ना उघडं होतं. शेवटची मी होते." तिनं सुरी खाली ठेवली. "गुरुवारी विल्फच्या मृत्यूची कॉरोनरसमोर चौकशी आहे. मी सांगणार, फाटक मी उघडं टाकलं. म्हणजे ग्रेटाला निदान कोणाचा राग करायचा ते तरी कळेल."

ग्रेटा म्हणजे विल्फची बायको. नोराच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आवाजही हवापाण्याच्या गप्पा माराव्यात इतका साधा होता. मला तिच्या त्या साधेपणाचीच भीती वाटली. गुरुवारी ही बाई शपथेवर जे बोलेल ते जन्मभर तिच्या अंगाला चिकटणार होतं, आणि ते खरं आहे की नाही हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

२

दहाच्या प्रार्थनेला सगळा गाव आला. आमच्या पाद्रीबाई गातात छान. मला बोललेलं प्रवचन डोक्यावरून जातं. गाऊन सांगितलेलं मात्र थेट आत उतरतं. देवानं माझे कान तसेच घडवले असतील. त्या दिवशी त्यांनी विल्फसाठी स्तोत्र उचललं आणि आम्ही मागे म्हणू लागलो. म्हणता म्हणता काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहिलं. तिसऱ्या कडव्याला कळलं. ह्यूबर्ट लायल गात नव्हते. ज्यांच्या खर्जानं खिडकीच्या काचा थरथरतात ते ह्यूबर्ट पुस्तक उघडून नुसते उभे होते. दुसरी एक जागा रिकामी होती, ती रूबेन स्ट्राइडची. पण तो तसाही नाताळालाच उगवतो.

प्रार्थना संपल्यावर मी काठी टेकत हॉलो लेनला गेले. सार्जंट गॅरड खालच्या फाटकाशी बसून सँडविच खात होते.

"डोरकस, इथं बघण्यासारखं काही नाही. पायवाट आहे तिथंच आहे."

"मग मला बघायला काय हरकत आहे?"

"गुडघा सांभाळ म्हणजे झालं. आज दुसरं प्रेत उचलायची माझ्यात ताकद नाही."

रूबेनची कुरणं टेकडीच्या उतारावर एकाखाली एक आहेत. खालच्या कुरणात झऱ्याचं पाणी दगडी डोणीत पडतं. वरच्या कुरणात पाण्याचा थेंब नाही. दोघांच्या मध्ये एक फाटक आहे. कालवडी वर असल्या की रूबेन ते मधलं फाटक सुतळीनं मागे बांधून ठेवतो, म्हणजे जनावरं खाली येऊन पाणी पितात आणि परत जातात. पायवाट रस्त्यावरून खालच्या फाटकानं आत शिरते, डोणीला घासून जाते आणि मधल्या फाटकानं वर चढते. दुसरीकडून जायला जागाच नाही. एका अंगाला दाट कुंपण आहे, दुसऱ्या अंगाला डोण.

डोण भरून वाहते म्हणून तिथं बारा महिने चिखल असतो. मी त्या चिखलाशी थांबले आणि गॅरडना हाक मारली.

"हे बघा जरा."

"बुटांचे ठसे. चाळीस माणसं गेली की काल."

"वाचा तरी."

गॅरड उकिडवे बसले. चाळीस जणांच्या ठशांचा काला झाला होता. पण त्या सगळ्यांवर एक लहानशी बुटांची जोडी वर गेलेली स्वच्छ उमटली होती, आणि तिच्या उजव्या बाजूला पावलागणिक एक गोल भोक होतं.

"काठी," गॅरड म्हणाले. "नोरा. शेवटची."

"शेवटची नाही. हे मोठे बूट बघा. नोराच्या ठशांवर पडलेत. वर एकदा गेलेत, खाली मात्र दोनदा आलेत."

"बरं. नंतर कोणीतरी येऊन गेलं. मग?"

"आता मला खुरं दाखवा."

त्यांनी पाहिलं. उठून चार पावलं पुढे जाऊन पाहिलं. चिखल वरून सुकत आला होता, आणि त्यात खुराचा एकही ठसा नव्हता.

"अठरा कालवडी इथून रस्त्यावर गेल्या म्हणतो रूबेन," मी म्हटलं. "काय उडत गेल्या?"

गॅरडनी हातातलं सँडविच कागदात गुंडाळून खिशात घातलं.

आम्ही मधल्या फाटकाशी गेलो. ते उघडं होतं. नव्या निळ्या सुतळीनं खांबाला मागे बांधलेलं. खांबाच्या खिळ्यावर मात्र जुन्या, उन्हानं पांढरट झालेल्या सुतळीची एक लडी टांगलेली होती. तीन सारखे वेढे, आणि मधून ओढून घेतलेला फास. कुरणात सुतळी नेहमी तुटलेली, लोंबकळणारी, चिखलात तुडवलेली सापडते. इतक्या प्रेमानं गुंडाळलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हे काय आहे?" गॅरडनी विचारलं.

"मला वाटतं, कोणाची तरी सवय आहे," मी म्हटलं. "कोणाची ते आत्ता विचारू नका. मला ते खरं निघायला नको आहे."

३

वळणाच्या पलीकडे इमोजेन फेनचं घर आहे. शहरातून येऊन तिला सहा वर्षं झाली, म्हणजे गावाच्या हिशेबानं ती अजून पाहुणीच. तिच्या बागेत तळं आहे. त्याच्या कडा कालवडींनी तुडवून लगदा केल्या होत्या.

"मोठा आवाज झाला आणि जाग आली," ती म्हणाली. "खिडकीतून व्हॅनची चाकं दिसली. वर झालेली. मी आधी फोन केला, मग बाहेर धावले. धुकं होतं. तळ्यात बघते तर सगळ्या कालवडी. पोटापर्यंत पाण्यात उभ्या."

"बागेचं फार नुकसान केलं का?"

"तेच तर! वाटाण्याचा वेल शेंगांनी वाकलाय, लेट्यूसचे वाफे भरलेत. एका पानाला तोंड लावलं नाही. नुसत्या पीत होत्या. हाकलायला गेले तरी मान वर करीनात." तिनं अंगावरची शाल ओढून घेतली. "विल्फ तिकडे तसा, आणि मी इकडे गाईंना हाकलतेय. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं, मिसेस हेन्ली. आत्ताही वाटत नाही. हे बरं नाही ना?"

"बरं-वाईट नंतर बघू. रूबेन केव्हा आला?"

"मी बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी असेल. धापा टाकत. 'खालचं फाटक उघडं आहे, फेरीवाल्यांनी घात केला,' हे पहिलं वाक्य. व्हॅनकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. आधी फाटकाचंच बोलला."

"आला कुठून?"

"रस्त्यानं वर चढत आला. खालून." ती थांबली. "त्याचं घर वर टेकडीवर आहे ना?"

"हो."

"मग आवाज ऐकून आलेला माणूस खालून कसा आला?"

सहा वर्षांत गाव इमोजेनला कमी लेखत आलं होतं. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

४

हॉलो लेन वळून वरच्या कुरणाला लागते तिथं कुरणाचं एक जुनं फाटक थेट रस्त्यावर आहे. ते पायवाटेत येत नाही, पण त्याचा खांब कुजून रस्त्याकडे कलला होता. म्हणून वसंतात मी रूबेनला दोन पत्रं लिहिली होती. उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी तिथं गेले. फाटक बंद होतं, सरळ उभं होतं. खांब नवा होता. रूबेन बांधावर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"काय टपालवाली, आज काय वाटायला आलीस?"

"खांब छान बसवलास, रूबेन."

"तुझ्या प्रेमपत्रांना घाबरून बसवला. एप्रिलातच."

"एप्रिलात? मग बुंध्याची माती अजून भुसभुशीत कशी?"

"आमच्या टेकडीची माती आहे ती. तुमच्या गावातल्या बायांसारखी. कितीही दाबा, वर येतेच." तो हसला, पण डोळे खांबावरून हलले नाहीत. "पायवाट बंद करा म्हणून दहा वर्षं ओरडतोय मी. माणसं कुरणातून हिंडणार, गाणी म्हणणार, फाटकं उघडी टाकणार. आता एक माणूस मेला. गुरुवारी कॉरोनरसमोर नोरा कबूल करणार आहे म्हणे. तिच्या जिभेवर तरी विश्वास ठेवशील ना?"

"तिला आठवत नाही, रूबेन."

"लावलेलं आठवत नाही ते लावलेलं नसतं."

मी काठीचं टोक खांबाच्या बुंध्याशी सहज टेकवलं आणि माती उकरली. वीतभर खाली काहीतरी चमकलं. वाकून उचललं. पिवळट काचेचा नखाएवढा तुकडा होता. अजून उकरलं, अजून दोन निघाले. रस्त्याच्या कडेला, जिथं विल्फची व्हॅन आपटली होती, तिथल्या गवतात असलीच काच विखुरलेली होती, आणि तिथंच कुदळीनं माती खणल्याचा ताजा खड्डा होता.

मी मान वर केली. बांधावर रूबेन नव्हता.

५

आता मला जिथं जायचं नव्हतं तिथं जाणं भाग होतं.

ह्यूबर्ट लायल सोमवारी संध्याकाळी घंटाघरात असतात. आमच्याकडे सहा घंटा आहेत, सहा माणसं एका तालात दोर ओढतात, आणि त्यांचे म्होरके ह्यूबर्ट. त्या दिवशी ते एकटेच बाकावर बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर सहा दोर टांगलेले होते. प्रत्येकाचे तीन सारखे वेढे आणि मधून ओढून घेतलेला फास. वाजवून झालं की दोर असाच बांधायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, असं ते पोरासोरांनाही शिकवतात.

खिळ्यावरून आणलेली ती सुतळीची लडी मी खिशातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी तिच्या तिन्ही वेढ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हात बांधतो, डोरकस. मी नाही बांधत."

"केव्हा गेला होतात?"

"साडेसहाला. चहा झाल्यावर. नोराचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, मी दिवसभर बघत होतो. म्हटलं सगळी फाटकं एकदा तपासून येऊ. खालचं नीट लावलेलं होतं. वर गेलो तर मधलं उघडं. दुपारी आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, मीच उघडलं होतं पुढून. म्हणजे नोरानं लावायचं टाकलं. म्हणून मी लावलं. आणि ठरवलं की हे कोणालाही सांगायचं नाही. क्लेमंटच्या जागी उभी राहिली होती ती. तिला कशाला कळू द्यायचं?"

"फाटक सुतळीनं बांधलेलं होतं ना, ह्यूबर्ट? चालताना फाटक विसरणारी बाई ते बांधून ठेवते का?"

"उघडं फाटक दिसलं की मला पुढचं काही दिसत नाही. सुतळी सोडली, गुंडाळली, कडी घातली."

"कालवडी कुठं होत्या?"

"वरच्या कुरणात. ओकच्या सावलीत बसल्या होत्या."

"दुपारी फेरीच्या वेळी होत्या?"

"नाही." आणि तिथं ते थांबले.

माणूस स्वतःच दारापर्यंत पोचत असेल तर त्याला ढकलू नये.

"रूबेननं नंतर सोडल्या," ते हळूहळू म्हणाले. "चहाला बसलो तेव्हा, पाचच्या सुमाराला, त्याचे हाकारे ऐकू आले होते. आणि पाण्यासाठी मधलं फाटक त्यानंच उघडून बांधलं. आणि मी... मी ते लावलं. जुलैत."

"हो."

"त्यांना रात्रभर पाणी नव्हतं."

"फाटकाचा नियम दोन पायांचा आहे हो. बंद सापडलं तर बंद ठेवायचं, उघडं सापडलं तर उघडं. तुम्ही जन्मभर एकाच पायावर चाललात."

"रविवारी ऐकलं की खालचं फाटक उघडं सापडलं," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, तिथून शेवटचा बाहेर पडलो तो मी. नोरा नव्हे. मी लावलं असणार. चाळीस वर्षं लावतोय, हात आपोआप लावतो. म्हणून तर आठवत नाही! देवाशप्पथ, आठवत नाही. आणि नोरा म्हणू लागली की तिनंच टाकलं. मी गप्प बसलो. ती उभी राहून स्वतःवर घेत होती आणि मी स्तोत्राचं पुस्तक धरून गप्प उभा होतो."

त्यांनी लडी माझ्या हातात परत दिली. रडत नव्हते. त्या आठवड्यात आमच्या गावात कोणी रडलंच नाही.

"तुम्ही खालचं फाटक लावलं होतं," मी म्हटलं. "नोरानंही लावलं होतं. ते उघडलं तिसऱ्यानंच. चला, गॅरडकडे."

६

मंगळवारी सार्जंट गॅरड, ह्यूबर्ट आणि मी रूबेनच्या अंगणात उभे होतो. रूबेन गोठ्याच्या दारात हात बांधून उभा राहिला. बस म्हणाला नाही.

"मी सांगते," मी म्हटलं. "चुकलं तर थांबव. शनिवारी पाचला तू कालवडी वर सोडल्या आणि मधलं फाटक बांधून ठेवलंस. दिवसभर त्या गोठ्याच्या अंगणात वाळलं गवत खात होत्या, वरच्या कुरणात तू चाटायला मिठाचा गोळा ठेवलेला. साडेसहाला ह्यूबर्टनी ते फाटक लावलं. कालवडी रात्रभर तहानेनं पेटल्या. पहाटे त्यांना रस्त्यापलीकडच्या तळ्याचा वास आला आणि त्या वरच्या जुन्या फाटकावर रेलल्या. खांब कुजका होता. मी दोनदा लिहिलं होतं तुला. तो मोडला. त्या तिथून बाहेर पडल्या, खालून नव्हे. खालून गेल्या असत्या तर डोणीवर थांबल्या असत्या. तिथं एक खूर उमटलेलं नाही. आणि पाणी पिऊन गेल्या असत्या तर इमोजेनच्या तळ्याशी न थांबता तिचे वाटाणे खाल्ले असते."

"वा! कालवडींच्या मनातलंही कळतं हिला."

"तुझ्या मनातलं कळत नाही, म्हणून विचारते. आवाज ऐकून तू आलास. मोडलेला खांब बघितलास, मधलं फाटक कोणीतरी लावलेलं बघितलंस. हे तसंच्या तसं सांगितलं असतंस तरी निम्मा दोष तुझ्यावर आला नसता. पण तू पडलेलं फाटक उचलून कुंपणाला टेकवलंस, धावत खाली गेलास (चिखलात खाली आलेली दुसरी पावलं तुझीच), मधलं उघडून नव्या सुतळीनं बांधलंस, रस्त्याकडचं उघडलंस, आणि रस्त्यानं वर चढून आलास. म्हणून इमोजेनला तू खालून येताना दिसलास. रविवारी सगळे प्रार्थनेला गेले तेव्हा नवा खांब पुरलास. भरायला माती कमी पडली, ती रस्त्याच्या कडेची घेतलीस."

गॅरडनी कागदाची पुडी उघडून काचेचे तीन तुकडे दाखवले. "विल्फच्या डाव्या दिव्याचे. जुळवून पाहिलेत. एप्रिलात पुरलेल्या खांबाखाली रविवारची काच जात नाही, रूबेन."

गोठ्यात एक गाय खोकली.

"तो गेलेलाच होता," शेवटी तो म्हणाला. "मी हात लावून पाहिला."

"आधी पाहिलास," गॅरडनी विचारलं, "की खाली जाऊन आल्यावर?"

गॅरडनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात. रूबेननं टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

गॅरड त्याला गाडीत घालून घेऊन गेले. कालवडींना पाणी ह्यूबर्टनी पाजलं.

७

बुधवारी मी नोराला सगळं सांगितलं. तिनं एकदाही मध्ये विचारलं नाही.

"म्हणजे मी लावलं होतं," सांगून झाल्यावर ती म्हणाली.

"लावलं होतंस. कडी घालून. ह्यूबर्टनी स्वतः पाहिली ती."

"बरं."

मी वाट पाहिली. सुटकेचा एखादा श्वास तरी येईल असं वाटलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर काहीच नव्हतं, वाळत घातलेलं एक फडकं होतं.

"आणि मधलं फाटक ह्यूबर्टनं लावलं," ती म्हणाली. "माझी चूक झाकायला."

"हो."

"मी चूक केलीच नव्हती."

"नाही गं."

"मग तो आता घरी एकटाच बसला असेल." तिनं उठून कोट घातला. जुलैत.

ह्यूबर्ट खरंच एकटे बसले होते. बूट घातलेले, टोपी गुडघ्यावर. कॉरोनरसमोर उद्या बोलायचंच आहे, पण त्याआधी ग्रेटाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, म्हणून सकाळपासून तयार होऊन बसले होते. उठणं जमत नव्हतं. नोरानं त्यांच्या कोपराला हात घातला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठवावं तसं उठवलं. आम्ही तिघं चालत गेलो.

भट्टी बंद होती. ग्रेटा मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसली होती. तिच्यासमोर उभं राहून ह्यूबर्टनी सगळं सांगितलं. स्वतःला सावरून घेणारं एकही वाक्य त्यात नव्हतं. साडेसहा, सुतळी, कडी, रात्रभराची तहान. नंतरचं त्यांचं मौनही.

ग्रेटानं ते ऐकलं की नाही कळेना. ती म्हणाली, "सव्वापाच."

"काय गं?" मी विचारलं.

"तो रोज पाचला वळणापलीकडे असतो. शिट्टी वाजवतो तिथं, इथपर्यंत ऐकू येते. रविवारी मी त्याला थांबवलं. शर्टाचं बटण तुटलं होतं. तो म्हणाला, पाव नेताना कोण बघतंय माझं बटण. मी म्हटलं, थांब. सुईत दोरा जाईना." ती आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघू लागली. "तुम्ही सगळे फाटकाचं बोलताय. चार दिवस झाले, मी कोणाला सांगितलंच नाही. मीच उशीर केला त्याला."

ह्यूबर्ट काहीतरी म्हणणार होते. नोरानं त्यांना हातानंच थांबवलं. ती पोत्यावर ग्रेटाच्या शेजारी टेकली. पीठ उडालं, तिच्या काळ्या कोटावर बसलं. तिनं झटकलं नाही.

"कुठलं बटण?" नोरानं विचारलं.

ग्रेटानं आपल्याच छातीवर बोट ठेवलं, गळ्याच्या जरा खाली.

"हे," ती म्हणाली. "वरून दुसरं."